ग्रान्माचे उतरणे, डिसेंबर 1956: दलदल, ऊस आणि डोंगर

प्रकरण कशाचे

2 डिसेंबर 1956 च्या पहाटे पूर्व क्यूबाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात एक नौका चिखलात रुतली. तिच्यात फिदेल कास्त्रोच्या नेतृत्वाखाली बंडाला निघालेली 82 सशस्त्र माणसे होती. 5 डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत त्यांची फळी मोडली. 18 डिसेंबरला फिदेल आणि राउल कास्त्रो हे भाऊ डोंगराच्या पायथ्याशी एका शेतावर भेटले, तेव्हा दोघांच्या गटांकडे मिळून सात रायफली उरल्या होत्या. आणि तरीही पंचवीस महिन्यांनी, 1 जानेवारी 1959 ला, पळून जायची वेळ हुकूमशहा बातिस्तावर आली.

या मुलखाला आज ग्रान्मा प्रांत म्हणतात. त्या नौकेचेच नाव त्याला मिळाले. वीरगाथा म्हणून ही घटना पुष्कळदा सांगून झाली आहे. इथे फक्त 25 नोव्हेंबर ते 18 डिसेंबर हे दिवस घेतले आहेत आणि ते एका प्रश्नासाठी: इतकी तयारी केलेली योजना उतरल्यावर काही दिवसांतच का कोसळली, आणि कोसळल्यावर माणसे वाचली कशामुळे? या बंडाला दोन प्रकारची मदत होती. एक ठरलेल्या तारखेला आणि तासाला बांधलेली, दुसरी जागेला बांधलेली. पहिली पूर्ण फसली. दुसरी कोणी नीट मोजलीही नव्हती, पण टिकली तीच.

शेतकरी, वाटाडे आणि साधे सैनिक यांची नावे गाळली आहेत. इतिहासात ठळक नोंद असलेली माणसेच नावाने येतात.

पार्श्वभूमी: मुलूख

1976 साली जुन्या ओरिएन्ते प्रांताचे तुकडे करून जे नवे प्रांत केले, त्यांतला ग्रान्मा हा एक. राजधानी बायामो. नकाशावर तो एकजीव दिसतो, पण चालणाऱ्याला तो चार वेगवेगळे मुलूख वाटतो.

उत्तरेला कौतो नदीचे मैदान. कौतो ही क्यूबातली सर्वांत लांब नदी, सुमारे 340 किलोमीटर. सपाट जमीन, ऊस, भात, गुरे. पश्चिमेला ग्वाकानायाबोचे आखात: उथळ, गढूळ पाणी, छोटी बेटे आणि कांदळवन. मान्सानियो, कांपेचुएला, मेदिया लुना आणि निकेरो ही गावे या किनाऱ्याला ओळीने आहेत. सगळी साखर कारखान्यांवर आणि बंदरांवर वाढलेली. दक्षिणेला सिएरा माएस्त्राची रांग. तिथले पिको तुर्किनो 1,974 मीटर उंच, क्यूबातले सर्वोच्च शिखर. या रांगेच्या दक्षिण अंगाला किनारपट्टी अशी जवळपास नाहीच. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि तळ तसाच खाली खोल दरीत जातो.

चौथा मुलूख सर्वांत कमी बोलला जाणारा, पण या प्रकरणात निर्णायक: काबो क्रूस भूशिराभोवतीच्या सागरी पायऱ्या. जमीन हळूहळू वर उचलली गेल्याने जुने किनारे एकावर एक पायऱ्यांसारखे उभे राहिले आहेत, समुद्रपातळीखाली 180 मीटरपासून वर 360 मीटरपर्यंत. 1999 साली युनेस्कोने याच भूरचनेसाठी हा भाग जागतिक वारसा यादीत घेतला. खडक चुनखडीचा, भोकाभोकांचा. पाऊस पडला की पाणी लगेच आत जिरते, म्हणून वर ओढा नाही, डबके नाही. पृष्ठभाग इतका धारदार की स्थानिक लोक त्याला ‘कुत्र्याचे दात’ म्हणतात. वर कोरडे, काटेरी झुडूप आणि निवडुंग.

बंडाची परंपरा या भूमीला आधीपासून होती. मान्सानियोच्या दक्षिणेला, आखाताच्या काठावर, ला देमाहाग्वा या आपल्या साखर कारखान्यात कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस याने 10 ऑक्टोबर 1868 ला घंटा वाजवून गुलामांना मुक्त केले आणि स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले. दुसऱ्याच दिवशी यारा गावात त्याचा पराभव झाला. दहा दिवसांत मात्र बंडखोरांनी बायामो घेतले. स्पॅनिश फौज परत येते आहे हे दिसल्यावर 12 जानेवारी 1869 ला शहराला स्वतःच आग लावली. क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता होसे मार्ती 19 मे 1895 ला पडला तो दोस रिओसला, याच प्रांताच्या हद्दीत. 26 जुलै 1953 ला पूर्वेच्या सांतियागो शहरातल्या मोन्कादा लष्करी छावणीवर फिदेलच्या माणसांचा हल्ला झाला, त्याच दिवशी बायामोच्या छावणीवरही झाला होता, दोन्ही फसले.

डोंगरातली परिस्थिती वेगळी होती. मैदानात कारखाने आणि मजूर. डोंगरात कॉफी लावणारी कुटुंबे, बहुतेकांकडे जमिनीचा कागद नाही. जमीनदाराचे मुकादम आणि ग्रामीण पोलीस येऊन झोपड्या जाळत, लोक वर सरकत. सरकारी गणवेश दिसला की अंगणातून गायब व्हायचे आणि माणूस लपवायचा तर कुठे, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

मूळ योजना

मेक्सिकोत राहून फिदेलने ठरवलेली योजना कागदावर सुटसुटीत होती. नौकेने निकेरोजवळ लास कोलोरादासच्या किनाऱ्यावर उतरायचे. तिथे ट्रक, जीप आणि माणसे तयार. निकेरोची चौकी घ्यायची, मान्सानियोकडे सरकायचे, नाही जमले तर डोंगर गाठायचा. त्याच दिवशी शहरातल्या भूमिगत चळवळीचा म्होरक्या फ्रांक पाइस याच्या नेतृत्वाखाली सांतियागोत उठाव, म्हणजे लष्कराचे लक्ष तिकडे.

किनाऱ्यावरची सगळी जुळवाजुळव सेलिया सांचेसची. ती मेदिया लुनाची, डॉक्टरची मुलगी. पुढे पिलोनला राहिलेली. कारखान्यातले, बंदरावरचे, डोंगरातले लोक तिला घरच्यासारखे ओळखत. किनाऱ्याचे नकाशे जमवणे, वाहने आणि पेट्रोल ठरवणे, कोणत्या वस्तीवर कोण भरवशाचे हे पाहणे, ही कामे तिने केली. डोंगरातल्या घराघरांत वजन असलेला म्हातारा क्रेसेन्सिओ पेरेस तिच्याच साखळीतला.

पर्याय कोणते होते

किनारा निवडताना भूगोल तीन पर्याय देत होता.

दक्षिणेचा उभा किनारा, म्हणजे पिलोनच्या पूर्वेला: उतरले की लगेच डोंगर. पण नौका लावायला जागा मोजक्या, लाटा थेट अंगावर, रस्ता नाही, आणि मान्सानियोवर चाल करायची तर मधे अख्खी रांग ओलांडायची.

आखाताची आतली बाजू, मेदिया लुना ते मान्सानियो: गावे, रस्ते आणि मदत भरपूर, पण पाणी उथळ, चौक्या जवळ आणि डोंगर दूर.

निकेरो ते काबो क्रूस यांच्या मधला कोपरा: छोटा वाळूचा किनारा, धक्का, जवळ रस्ता, पूर्वेला काही दिवसांच्या चालीवर डोंगर. धोका एकच: किनारा नेमका सापडला पाहिजे. दोन-तीन किलोमीटर चुकले तर वाळूऐवजी कांदळवन.

तिसरा पर्याय घेतला गेला, आणि चौकी घ्यायचीच असेल तर तो बरोबर होता. चूक जागेच्या निवडीत नव्हती. या जागेला चुकीची मुभा नव्हती आणि वाहन, वेळ, संपर्क यांत मात्र चुका होणारच होत्या, ही खरी अडचण.

दुसरा पर्याय वेळेचा. उठाव ठरावीक तारखेला करायचा की नौका पोचल्याचा इशारा मिळाल्यावर? निघताना मेक्सिकोहून सांतियागोला तार गेली: मागवलेले पुस्तक शिल्लक नाही, अशा आशयाची. तिचा अर्थ, निघालो. पाच दिवसांचा प्रवास धरून 30 नोव्हेंबर ठरला. नौकेवर रेडिओ ऐकता येत होता, पण पाठवायचे यंत्र नव्हते. म्हणजे उशीर झाला तर तो किनाऱ्यावर कळवायची सोयच नव्हती.

कृती आणि निर्णयाचे क्षण

पहिला क्षण: भार. 25 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर तुक्सपान नदीतून दिवे मालवून नौका बाहेर पडली. लाकडी, सुमारे 60 फुटी, दोन डिझेल इंजिने, 1943 ची बांधणी, साधारण 12 जणांसाठी. तीत 82 माणसे, सुमारे 90 रायफली, दारूगोळा आणि टाकीत न मावणारे इंधन डब्यांत भरून डेकवर. जागेअभावी काहींना मागे ठेवावे लागले. वर वादळी उत्तरी वारे.

इथे साधे गणित करावे. अंतर सुमारे 1,200 सागरी मैल. पाच दिवस म्हणजे 120 तास, म्हणजे सरासरी 10 नॉट (ताशी सागरी मैल) हवेत. नौकेने प्रत्यक्षात घेतले साधारण 172 तास, म्हणजे 7 नॉटच्या आसपास. रिकामी नौका जो वेग देते तो भरलेली देत नाही. बूड खोल जाते, पाणी जास्त रेटावे लागते, इंधन जास्त जाते. पहिल्याच रात्री पाणी आत आले, पंप चालेनात, बादल्यांनी उपसले. बहुतेक माणसे समुद्राला सरावलेली नव्हती. उलट्यांनी बेजार झाली. खाणे थोडे आणि तेही शेवटच्या दिवसांत मोजून मापून. उतरण्याआधीच माणसे अशक्त झाली होती, आणि पुढच्या आठवड्यात ही अशक्तता रायफलीइतकीच मोजावी लागणार होती.

दुसरा क्षण: 30 नोव्हेंबर. समुद्रात असतानाच त्यांनी रेडिओवर सांतियागोच्या उठावाची बातमी ऐकली. काही करता येत नव्हते. उठाव झाला, मोडला, आणि लष्कर झोपेत सापडण्याऐवजी सावध झाले. किनाऱ्यावर विमाने फिरू लागली. सेलियाची माणसे वाहने घेऊन थांबली, दिवस उलटल्यावर पांगली. ट्रक कायमचा उभा ठेवता येत नाही. गावात प्रश्न विचारले जातात. ही मदत तासांची होती, तास संपले तशी ती संपली. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरा क्षण: समुद्रात पडलेला माणूस. 1 डिसेंबरच्या रात्री काबो क्रूसचा दीपस्तंभ शोधायला वर चढलेला नाविक रोबेर्तो रोके लाटेने खाली फेकला गेला. अंधारात नौका वळवून शोध घेतला, बराच वेळ गेला, तो सापडला. या निर्णयावर नंतर फारशी टीका झालेली नाही आणि ती होऊही नये. नाविक गमावला असता तर नकाशा वाचणारा गेला असता आणि उरलेल्यांचा धीरही. पण किंमत मोजली गेली. अंधाराचा तो तासच पुढे हवा होता.

चौथा क्षण: बोया. पहाटे निकेरोच्या खाडीच्या तोंडाशी दिसणारे बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, नकाशाशी जुळेनात. सुकाणूवर नोर्बेर्तो कोयादो. एक फेरी, दुसरी फेरी, तरी वाट सापडेना. टाक्या जवळजवळ रिकाम्या, पूर्वेला उजाडू लागलेले. दोन पर्याय: आणखी शोधायचे, किंवा समोर दिसतो त्या किनाऱ्यावर पूर्ण वेगाने नौका घालायची. फिदेलने समोरची जमीन क्यूबाचीच आहे, बेट नाही, एवढे विचारून घेतले आणि दुसरा पर्याय निवडला. दिवसा उघड्या समुद्रात सापडणे म्हणजे 82 जणांचा एकदम शेवट. या हिशेबाने निर्णय बरोबरच म्हणावा लागतो.

नौका रुतली ती लोस कायुएलोस इथे, लास कोलोरादासपासून सुमारे दोन किलोमीटरवर. वाळू नाही, कांदळवन. जड सामान उतरवायला सोडलेली छोटी होडी भाराने बुडाली. रायफली डोक्यावर धरून माणसे पाण्यात उतरली, मग चिखलात, मग मुळांच्या जाळीत. कोकणातल्या खाडीत तिवरांमधून ज्याने ओहोटीला वाट काढली आहे त्याला कळेल: पाय ठेवला की कंबरेपर्यंत, मुळावर ठेवला की घसरतो, आणि हाताने धरायला फांदी ती पण काटकुळी. दीडेक किलोमीटरचा तो पट्टा पार करायला काही तास लागले. जवळून गेलेल्या बोटींनी पाहिले, खबर गेली, विमाने आली आणि कांदळवनावर मारा सुरू झाला. जड शस्त्रे, औषधे, खाणे यांतले बरेचसे मागेच राहिले. जो मुलूख दगा देणारा ठरला त्यानेच झाकलेही: दाट पानांमुळे विमानांना वरून नेमके काही दिसत नव्हते.

पाचवा क्षण: कुठे जायचे. निकेरोवर चाल करण्याचा बेत आता बाद. वाहने नाहीत, लष्कर जागे. पूर्वेला, डोंगराकडे. म्हणजे त्या चुनखडीच्या पायऱ्यांवरून. नवे बूट पाण्याने भिजून कडक झालेले. पायांना फोड, मग फोडांच्या जखमा. पाणी नाही. दिवसा विमाने, म्हणून चाल रात्री. वाटेत उसाचे फड लागले, आणि भुकेल्या माणसांनी ऊस तोडून चघळला.

हाच तपशील नीट पाहण्यासारखा आहे. ऊस खाणारा माणूस मागे चोथा टाकतो. रात्री चालताना तो कुठे पडतो हे दिसत नाही, सकाळी मात्र पांढुरका चोथा वाटेवर लांबून दिसतो. ऐंशी माणसांनी टाकलेली ती खूण म्हणजे दिशा दाखवणारी रेघच. त्यात सोबत घेतलेला एक वाटाड्या परत गेला आणि त्याने फौजेला ठिकाण सांगितले. दोन्ही गोष्टी एकमेकींना पुरावा ठरल्या.

सहावा क्षण: आलेग्रिया दे पिओ. 5 डिसेंबरला सकाळी थकून त्यांनी तळ टाकला तो फडाच्या कडेला, विरळ झाडीच्या उंचवट्यावर. जवळच दाट रान होते. पण माणसांना एक पाऊल पुढे टाकवत नव्हते, आणि ऊस हाताशी होता, म्हणजे खाणे-पाणी दोन्ही. दिवसभर विमाने कमी उंचीवर घिरट्या घालत होती. हे असे का, हा प्रश्न तळावर कोणी धसास लावला नाही. पहारे ठेवले, पण जवळ. दुपार कलल्यावर गोळीबार सुरू झाला तेव्हा काही जण बूट काढून बसलेले होते. चे गेव्हाराला मानेजवळ गोळी लागली. त्याच्यापुढे औषधांची पेटी आणि काडतुसांची पेटी होती, दोन्ही उचलणे शक्य नव्हते, त्याने काडतुसे उचलली.

चकमकीत तिघे पडले. तसे पाहिले तर ही संख्या लहान. खरा पराभव पांगापांगीचा होता. वीसहून अधिक तुकड्या झाल्या, काहींत एकच माणूस. बहुतेकांना दिशा माहीत होती: पूर्व. पत्ता माहीत नव्हता.

पांगल्यानंतरचे तीन मार्ग

इथून पुढे तीन गटांची तुलना केली की भूगोलाचा हिशेब स्वच्छ दिसतो.

फिदेलसोबत उरले दोघे, युनिव्हर्सो सांचेस आणि फाउस्तिनो पेरेस. तिघांत दोन रायफली. ते पळाले नाहीत. फडात शिरून पाचटाखाली आडवे झाले आणि दिवसचे दिवस तसेच पडून राहिले. दव आणि उसाचा रस यांवर. उसाचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, ऊस उभा होता, पाचट जाड होते. महिना-दोन महिन्यांनी तोड झाली असती तर तिथे लपायला काही उरले नसते. फौजेचा जोर कमी झाल्यावर ते रात्रीचे ईशान्येला सरकले, निकेरो-पिलोन रस्त्यावरची नाकेबंदी ओलांडली आणि क्रेसेन्सिओच्या नातेवाइकांच्या वस्तीत पोचले.

दुसरा गट राउलचा, पाच जणांचा. वेगळ्या वाटेने, पण तसाच दमाने. पाचही रायफली सोबत.

तिसरा गट मोहिमेतला एक म्होरक्या हुआन अल्मेइदा, चे आणि इतर. ते दक्षिणेला किनाऱ्याकडे सरकले आणि त्याच कोरड्या पायऱ्यांत अडकले. तहान इतकी की खडकातल्या भोकांमधले पावसाचे पाणी ओढायला चेच्या दम्याचा छोटा पंप वापरून पाहिला. मिळाले ते काही थेंब. कच्चे खेकडे खाल्ले, त्याने तहान आणखी वाढली. रात्री ध्रुव समजून ज्या ताऱ्यामागे ते चालले तो ध्रुव नव्हता, हे नंतर कळले. शेवटी शेतकरी वस्तीत पोचल्यावर त्यांनी रायफली एका घरी ठेवल्या आणि साध्या कपड्यांत पुढे निघाले. त्या घरावर धाड पडली, शस्त्रे गेली. सुखरूप पोचले, पण रिकाम्या हातांनी, आणि फिदेलने त्यांना त्यावरून फैलावर घेतले.

तीनही गट वाचले ते शेतकऱ्यांच्या साखळीमुळे. गिएर्मो गार्सियासारख्या तरुण शेतकऱ्यांनी डोंगरात विखुरलेली माणसे आणि टाकून दिलेली हत्यारे शोधून काढली. ही साखळी 30 नोव्हेंबरच्या तारखेसाठी बांधलेली नव्हती. ती माणसे तिथेच राहत होती. उद्या आलात तरी घर तिथेच, परवा आलात तरी तिथेच. नौकेला दोन दिवस उशीर झाला की ट्रकची मदत शून्य होते. क्रेसेन्सिओच्या नात्यागोत्याला दोन आठवडे उशिरा पोचलेला माणूसही चालत होता.

ओळख पटवायची पद्धत सांगण्याजोगी. 18 डिसेंबरला राउलने निरोप्याबरोबर आपला मेक्सिकोतला ड्रायव्हिंग लायसन्स पाठवला. फिदेलला तेवढे पुरले नाही. कागद पकडलेल्या माणसाकडूनही मिळवता येतो. त्याने उलट विचारले: नौकेवर परदेशी कोण कोण होते, नावे सांगा. अर्जेंटिनाचा, मेक्सिकोचा, इटलीचा, डोमिनिकन. बरोबर नावे आली, मग भेट झाली. सिंको पाल्मासला, पाच ताडांच्या त्या जागी, पाच आणि दोन मिळून सात रायफली.

निकाल

82 पैकी 21 जण मारले गेले, त्यांतले बहुतेक पकडल्यानंतर. साधारण तेवढेच तुरुंगात गेले. काही निसटून शहरांत लपले. पुन्हा डोंगरात एकत्र आले ते सुमारे 20. प्रचारात आणि स्मारकांत ‘बारा’ ही संख्या घट्ट बसली, कारण 1868 मध्ये याराच्या पराभवानंतर सेस्पेदेसबरोबर बाराच उरल्याची कथा या मुलखात प्रत्येकाला ठाऊक आहे. अभ्यास करणाऱ्याने ती संख्या प्रतीक म्हणून घ्यावी, हजेरीपट म्हणून नव्हे.

फिदेल मेल्याची बातमी परदेशी वृत्तसंस्थेने जगभर दिली होती. सरकारनेही शोध ढिला केला. ही सवड उपयोगी पडली. 17 जानेवारी 1957 ला दक्षिण किनाऱ्यावर ला प्लाता नदीच्या मुखाशी असलेली छोटी चौकी त्यांनी घेतली, पहिला छोटा विजय. फेब्रुवारीत एका अमेरिकी दैनिकाच्या बातमीदाराला डोंगरात आणून मुलाखत दिली.

पुढची कुमक आली तेव्हा धडा उचललेला दिसतो. फ्रांक पाइसने पाठवलेली पन्नासएक माणसे सेलियाने मान्सानियोच्या अगदी जवळ, माराबूच्या काटेरी जाळीत लपवून ठेवली आणि वाट मोकळी झाली तसतशी वर सोडली. माराबू म्हणजे आपल्याकडची सिगमकाठी. क्यूबात ती बाहेरून आली आणि गायरानांत इतकी माजली की शेतकरी तिला शिव्या देतात. माणूस त्यात शिरायला धजत नाही, म्हणूनच ती कामाची. या वेळी तारीख नव्हती. जागा होती आणि थांबायची तयारी होती.

1958 च्या उन्हाळ्यात बातिस्ताने सुमारे 10,000 सैनिक डोंगरावर पाठवले, तेव्हा बंडखोर काहीशेच होते. खोल दऱ्या, एकेरी पायवाटा आणि ढगांत बुडालेली झाडी यांत ती मोहीम जुलैपर्यंत अडकून गेली. त्या वेळचे मुख्यालय, कोमान्दान्सिया दे ला प्लाता, झाडीच्या छपराखाली विखुरलेल्या लाकडी झोपड्यांचे. विमानातून ते सापडले नाही. आजही ते पाहायचे तर सांतो दोमिंगो वस्तीपासून आल्तो देल नारान्होपर्यंत पाच किलोमीटरचा खडा चढ आणि पुढे सुमारे तीन किलोमीटर पायवाट.

उतरण्याच्या जागी मात्र आता कांदळवनातून सिमेंटची पायवाट आहे, नौकेची प्रतिकृती आहे. मूळ नौका हवानात काचेत ठेवली आहे. सोयीची पायवाट हवीच, पण वीस मिनिटांत चालून आलेल्याला सकाळभराचा तो चिखल समजत नाही, आणि तो समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही.

वेगळे काय करता आले असते

वेगाची चाचणी पूर्ण भाराने, निदान तितक्या वजनाने, घ्यायला हवी होती. गुप्ततेत ती अवघड होती हे मान्य. मग दुसरा मार्ग होता: भरलेल्या नौकेचा वेग एक तृतीयांशाने कमी धरून तारीख ठरवणे. तसे केले असते तर हिशेब साडेसात दिवसांचा आला असता, प्रत्यक्षाच्या अगदी जवळ.

उठाव तारखेवर न बांधता उतरल्याच्या खबरेवर बांधायचा पर्याय होता. पाठवायचे यंत्र नौकेवर नसले तरी खबर किनाऱ्यावरून सांतियागोला नेण्यासारखी साखळी सेलियाकडे होती. यात तोटा एवढाच की शहरातला उठाव एखाद दिवस मागे पडला असता. लष्कराला दोन दिवस आधी जागे करण्यापेक्षा तो परवडला असता.

उतरताना दोन किनारे ठरवून ठेवायला हवे होते: एक मुख्य, आणि तो सापडला नाही तर दुसरा, जिथे कांदळवन अरुंद आहे असा. आयत्या वेळी समोर येईल तो किनारा, हा पर्याय नव्हे.

ऊस खायचा तर चोथा गोळा करायचा किंवा पाचटाखाली दाबायचा, ही साधी शिस्त. डोंगरात वाढलेला एखादा जण तुकडीच्या शेवटी ठेवला असता तर त्याला ते दिसले असते. मेक्सिकोत नेमबाजी शिकवली गेली, माग पुसणे नाही. तळ फडाच्या कडेला न टाकता रानात दोनशे पावले आत टाकण्याचेही तेच.

पांगल्यास कुठे भेटायचे हे प्रत्येकाला माहीत असणे आणि ते गुप्त राहणे, यांत खरा पेच आहे. 82 जणांना क्रेसेन्सिओचे घर सांगितले असते तर पकडल्या गेलेल्या पहिल्या माणसाबरोबर ते घरही गेले असते. मधला मार्ग म्हणजे प्रत्येक पथकाच्या म्होरक्याला वेगळी वस्ती सांगणे, एकाची दुसऱ्याला माहीत नसलेली. पकडला गेला तर एकच दुवा तुटतो.

शस्त्रांबाबत फिदेलचा राग समजतो, पण तो सरसकट योग्य म्हणता येत नाही. तहानेने अर्धमेली माणसे नाकेबंदीतून जाणार असतील तर रायफल हातात असणे म्हणजे पकडले जाण्याची हमी. चूक शस्त्रे सोडण्यात कमी आणि ती एकाच घरात, एका ढिगात, ठेवण्यात जास्त होती. गार्सियासारख्यांनी पुढे जे केले ते तेव्हाच करता आले असते: प्लास्टिक किंवा तेलकट फडक्यात गुंडाळून, दोन-दोन करून, वेगवेगळ्या जागी पुरायच्या आणि जागा एका शेतकऱ्याला नव्हे, तिघांना वाटून सांगायच्या.